दहा वाजून वीस मिनिटांचा समुद्र

एरवी येणाऱ्या तक्रारींचा एक ठरलेला साचा असे. आधी यंत्राचं नाव, मग कर्नलचा आकडा, मग चुकांची लांबच लांब नोंद आणि शेवटी एखादं कुजकट वाक्य, की हे कोणी तपासलं तरी होतं का? मार्लिस ऑकरस्ट्रॉमला गेली अकरा वर्षं अशा मेल येत होत्या आणि आता तिला त्यांचं काही वाटेनासं झालं होतं. जानेवारीच्या शेवटच्या गुरुवारी आलेली मेल मात्र जेमतेम चार ओळींची होती.

"मी नेस्टर कोव्ह बंदराच्या कचेरीत काम करते. आमचा लाटा दाखवणारा पडदा मध्येच थिजतो. गेल्या आठवड्यात त्यापायी एक माणूस जखमी झाला. माझ्या भाच्याने हे यंत्र बसवलं होतं, तो म्हणतो आतल्या एका फायलीच्या डोक्यावर तुमचं नाव आहे. कृपा करून फोन करा. बर्नडीन मॅकी."

नाव होतं खरं. कर्नल म्हणजे संगणक ज्याच्या जोरावर चालतो तो आतला गाभा, आणि त्यात प्रत्येक भागाची देखभाल करणारा एकेक छोटा कारभारी असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. मार्लिसकडे पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या एका जुन्या चिपचा ड्रायव्हर होता. ती चिप बनवणाऱ्या कंपनीत, तिच्याच शहरात, हिल्सबरोमध्ये, ती आणि आणखी सहा जण हेच काम करत. चार वर्षांपूर्वी कंपनीने तो विभाग एका शुक्रवारी गुंडाळला. सातही जण पांगले. चिप मात्र पांगली नाही. ती तिकिटाच्या यंत्रांत होती, दवाखान्यांच्या फलकांत होती, कुठल्या कुठल्या बंदरांत होती. ड्रायव्हर सगळ्यांसाठी खुला होता आणि कोणीतरी त्याच्याकडे बघायला हवं होतं. "बघेन मी वर्षभर," मार्लिस तेव्हा म्हणाली होती. आता ती अठ्ठावन्न वर्षांची होती, आठवडाभर शाळांची वेळापत्रकं लावणाऱ्या एका प्रोग्रामवर नोकरी करत होती आणि दर शनिवारी, कोणी न सांगता, हा जुना संसार ओढत होती.

तिने फोन लावला.

"बाई गं, खरंच केलास तू फोन!" बर्नडीनचा आवाज वयस्कर आणि खणखणीत होता. "मला वाटलं, ते नाव एखाद्या मेलेल्या माणसाचं असणार."

"अजून आहे मी," मार्लिस म्हणाली. "पडदा कधीपासून अडकतोय?"

"जानेवारीपासून. त्याआधी तीन वर्षं काडीचा त्रास नव्हता."

"जानेवारीत काही बदललंत? नवीन काही बसवलं?"

"काहीच नाही. मी तर कचेरीतच नव्हते. गुडघा बदलून घेतला ना मी. माझ्या जागी तात्पुरता आलेला माणूस फोन उचलण्यापलीकडे कशाला हात लावत नसे."

मग काय घडलं ते तिने सांगितलं. बंदराच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा होता आणि हिवाळ्यात तिथे लाटा उभ्या राहत. मनोऱ्यावरचा कॅमेरा ते तोंड दिवसभर दाखवी, आणि बोटी बाहेर काढण्याआधी खेकडेवाले कचेरीच्या खिडकीतून त्या पडद्यावर नजर टाकत. त्या दिवशी पडदा सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी थिजला, तेव्हा समुद्र शांत होता. टोइव्हो लांपीने दुपारी एक वाजता पडदा पाहिला आणि बोट बाहेर काढली. तोंडाशी आलेल्या तिसऱ्या लाटेने बोट जवळजवळ आडवी केली. पिंजऱ्यांची थप्पी कोसळली आणि टोइव्होचा चुलतभाऊ एडी तिच्याखाली सापडला. गळपट्टीचं हाड मोडलं, दोन बरगड्या गेल्या.

"काळा झाला असता तर कळलं असतं गं," बर्नडीन म्हणाली. "पण त्यावर चित्र होतं. चांगलं स्वच्छ चित्र."

मार्लिसने फोन ठेवला. काळ्या पडद्यापेक्षा थिजलेला पडदा वाईट, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती. आत काय होत असणार, याचा अंदाज तिला ऐकता ऐकताच आला होता. पडद्यावर दिसणारं प्रत्येक चित्र आधी स्मृतीच्या एका तुकड्यात भरलं जातं. तुकडे वाटायचं आणि परत घ्यायचं काम ड्रायव्हरचं. ज्याला तुकडा लागतो तो नाव नोंदवतो, काम झालं की नाव काढतो, आणि शेवटचं नाव निघालं की तुकडा मोकळा होऊन दुसऱ्याला मिळतो. नाव काढायचं कुठेतरी राहून जात असेल, तर तो तुकडा कोणाच्याच कामाचा राहत नाही आणि मोकळाही होत नाही. असे तुकडे साठत जातात. एक दिवस नवीन चित्राला जागाच उरत नाही आणि पडदा बिचारा शेवटचं चित्र दाखवत बसतो.

त्रास जानेवारीपासूनचा होता, म्हणून तिने शरद ऋतूपासूनचे सगळे बदल काढले. एकेचाळीस होते. दोन शनिवार आणि दोन रविवार ती एकेक बदल चाळत राहिली. तिसऱ्या दिवशी ओळी डोळ्यांसमोर नुसत्या सरकू लागल्या, वाचलेलं आत जाईना, तेव्हा तिने चहा केला आणि तो प्यायचा राहून गेला. तीच चिप असलेलं जुनं यंत्र तिने जेवणाच्या टेबलावर मांडलं, त्याला कॅमेरा जोडला आणि खिडकीबाहेरचं शेजाऱ्याचं गॅरेज सहा दिवस अखंड दाखवत ठेवलं. वापरलेल्या स्मृतीचा आकडा सहा दिवसांत तसूभरही हलला नाही.

शेवटी शुक्रवारी रजा टाकून ती निघाली. ऑफिसमधल्या साहेबाला तिने कारण सांगितलं नाही, कारण सांगायला बसलं असतं तर त्याला अर्धा तास लागला असता आणि तेवढा दम तिच्यात नव्हता. डोंगररांग ओलांडताना पाऊस होता, लाकडाचे ट्रक काचेवर चिखल उडवत पुढे जात होते. दोनदा डोळा लागेल असं वाटलं तेव्हा ती बाजूला थांबली.

बंदराची कचेरी म्हणजे एक खोली, एक शेगडी आणि खिडकीकडे तोंड करून टांगलेला तो पडदा. बर्नडीन सहासष्टची, गुबगुबीत, हातात काठी. तिने मार्लिसला आपादमस्तक न्याहाळलं.

"तू तर माझ्यापेक्षा दमलेली दिसतेस, आणि गुडघा माझा कापलाय. बस आधी. सूप गरम आहे."

सूप संपायच्या आत दार ढकलून एक उंच, पांढऱ्या दाढीचा माणूस आत आला. त्याने बूट पुसले नाहीत.

"हीच का ती?" त्याने बर्नडीनला विचारलं.

"टोइव्हो, नीट बोल. इतक्या लांबून आलीये."

"नीटच बोलतोय. बाई, त्या यंत्रात तुमचं नाव आहे म्हणे?"

"आहे," मार्लिस म्हणाली. "त्यातला ड्रायव्हर मी सांभाळते."

"ड्रायव्हर!" टोइव्हो हसला, पण त्यात गंमत नव्हती. "मग तुमच्या ड्रायव्हरने माझी बोट कुठे नेऊन घातली, बघितलंत ना? एडीला अजून शर्ट घालता येत नाही स्वतःचा स्वतः. त्याची बायको मला दारात उभं करत नाही."

मार्लिसने चमचा खाली ठेवला. कंपनीत असताना असल्या वेळी बोलायला वेगळी माणसं असत. "चूक कुठे आहे ते मला अजून सापडलेलं नाही," ती म्हणाली. "घरी दोन आठवडे शोधली. इथे बसून बघू द्या मला."

"बघा. बघायलाच लावलाय तो," टोइव्हो म्हणाला आणि गेला.

तिने आपला लहान संगणक बंदराच्या यंत्राला जोडला, यंत्र एकदा बंद करून नव्याने चालू केलं आणि वापरलेल्या स्मृतीचा मेगाबाइटमधला आकडा समोर ठेवला. ऐंशी. अकरा वाजता ऐंशी, बारा वाजता ऐंशी, एक वाजता ऐंशी. पाऊस थांबला होता, समुद्र राखाडी आणि सपाट होता. बर्नडीन बोटींचे फोन घेत होती, मधूनच पाय स्टुलावर ठेवत होती. मार्लिसला वाटलं, रजा वाया गेली.

दोनच्या सुमारास नैऋत्येकडून वारा सुटला. आधी ध्वजाची दोरी खांबावर टकटक करू लागली, मग छपराचा पत्रा वाजायला लागला. पडद्यावरचं चित्र क्षणभर गेलं आणि परत आलं.

"हे काय झालं?" मार्लिसने विचारलं.

"काही नाही गं. मनोऱ्यावरची वायर सैल आहे. वारा आला की कॅमेरा डोळा मारतो. लगेच येतं परत."

मार्लिसने आकड्याकडे पाहिलं. अठ्ठ्याऐंशी.

ती खुर्चीत सरळ झाली. पाच मिनिटांनी चित्र पुन्हा लवलं. शहाण्णव. मग एकशेचार. दर उघडझापीला आठ. पडद्याएवढ्या एका चित्राला लागणारा तुकडा बरोबर आठचा होता. तिच्या टेबलावरच्या कॅमेऱ्याने सहा दिवसांत एकदाही डोळा मारला नव्हता. शेजाऱ्याच्या गॅरेजवर कसला वारा?

"बर्नडीन, असं वाऱ्यात चित्र जाणं जानेवारीत सुरू झालं का?"

"छे! पहिल्या हिवाळ्यापासून आहे. टोइव्होला किती वेळा म्हटलं, वर चढून वायर आवळ. तो म्हणतो, मी बोटीवरचा माणूस, मनोऱ्यावरचा नव्हे."

"मग तीन वर्षं पडदा कधीच का नाही अडकला?"

बर्नडीनने खांदे उडवले. मग काठीच्या मुठीवर बोट आपटत ती जरा थांबली. "मी दर सोमवारी ते अख्खं यंत्रच बंद करायची. धूळ पुसायला. चालू असताना पुसलं की ठिणगी बसते हाताला. पुसून झालं की परत चालू. ऑपरेशन झाल्यापासून कोणी पुसलंच नाही बघ. तो तात्पुरता माणूस कसला पुसतोय!"

मार्लिसने मनातल्या मनात हिशेब केला. यंत्र बंद केलं की सगळे अडकलेले तुकडे आपोआप सुटतात. एका आठवड्याच्या वाऱ्यात ते काठोकाठ भरत नव्हतं. तीन आठवडे कोणी हात लावला नाही आणि त्यात जानेवारीची वादळं, तेव्हा भरलं. म्हणजे चूक नवी नव्हतीच. पडदा बसवला त्या दिवसापासून ती आत होती आणि एका म्हातारीच्या फडक्याने तीन वर्षं झाकली गेली होती. आणि ती भरायची ती वाऱ्यातच, म्हणजे ज्या दिवसांत समुद्र बघायची खरी गरज त्याच दिवसांत.

"मी काही चुकीचं केलं का गं?" बर्नडीनने विचारलं.

"नाही. तू पुसत राहिलीस म्हणून इतके दिवस काही झालं नाही."

आता कुठे शोधायचं ते माहीत होतं, त्यामुळे ओळ सापडायला वीस मिनिटं लागली. नवीन चित्रासाठी ड्रायव्हर तुकडा घ्यायचा, नाव नोंदवायचा, मग कॅमेऱ्याकडून काही येतंय का ते बघायचा. येत नसेल तर "जमलं नाही" असं सांगून तसाच मागे फिरायचा. नाव न काढता. ही त्या फंक्शनची, म्हणजे सूचनांच्या एका गटाची, मागे फिरायची वाट होती, जिच्यावरून सहसा कोणी जात नाही.

ही ओळ कोणी, कधी लिहिली हे नोंदीत असतंच. लिहिणारा रूफस टीग. तपासून आत घेणारी मार्लिस ऑकरस्ट्रॉम. तारीख चार वर्षांपूर्वीची, शुक्रवार.

तो शुक्रवार तिला लख्ख आठवत होता. दुपारी तीनला सगळ्यांना खोलीत बोलावून सांगितलं होतं, पाचला दारावरची कार्डं बंद होणार होती. सहा जणांचं अर्धंमुर्धं काम मेलमध्ये पडून होतं. ते वाया जाऊ नये म्हणून मार्लिसने, लोक खोक्यांत कप आणि फोटो भरत असताना, तेवीस बदल एकामागून एक आत घेतले होते. प्रत्येकाखाली आपली सही. तपासलं म्हणून. एकही वाचला नव्हता.

तिने रूफसला फोन केला. चार वर्षांत तीन वेळा बोलणं झालं असेल. तो आता सासऱ्याची हेझलनटची बाग बघत होता.

"मार्लिस! कोण गेलं?"

"कोणी नाही गेलं. तुला फोन करायला कोणी मरायलाच पाहिजे का?"

"आपल्या वयात फोन दोनच कारणांनी येतात. दुसरं म्हणजे काम, आणि ते तर तू मला सांगणार नाहीस, कारण मी शपथ घेतलीये."

तिने सगळं सांगितलं. वारा, वायर, आठ-आठचे तुकडे, एडी. रूफसच्या मागे कुठेतरी करवत चालू होती, ती बंद झाली.

"तो बदल तू आत घेतलास?" तो शेवटी म्हणाला.

"हो."

"मी लिहिलं होतं, घेऊ नकोस म्हणून."

"कुठे लिहिलं होतंस?"

"मेलमध्येच. रेघेखाली."

मार्लिसने डोळे मिटले. बदल पाठवताना लोक तीन आडव्या रेघा मारतात आणि त्यांच्याखाली तपासणाऱ्यासाठी दोन शब्द लिहितात. बदल आत घेताना यंत्र रेघेखालचं सगळं गाळून टाकतं. ते नोंदीत राहत नाही. मेल उघडून वाचली तरच दिसतं. तिने तिथेच जुनी पेटी उघडली आणि ती मेल शोधली. रेघेखाली रूफसने लिहिलं होतं, "मार्लिस, हे अजून घेऊ नकोस. मागे फिरायची वाट अर्धवट आहे. सोमवारी पुरी करतो."

"सोमवार आलाच नाही," ती म्हणाली.

"नाही आला," रूफस म्हणाला. जरा वेळाने त्याने विचारलं, "किती लागलंय त्या माणसाला?"

"गळपट्टीचं हाड. दोन बरगड्या. बरा होईल."

"हं. दुरुस्त करून टाक. चार ओळींचं काम आहे."

दुरुस्ती तिने त्याच संध्याकाळी केली, पाच ओळींत. मागे फिरायच्या वाटा दोन होत्या, दोन्हींवर नाव काढायची ओळ घातली. नवा ड्रायव्हर यंत्रात चढवला. वारा अजून होताच. चित्र लवलं, आकडा अठ्ठ्याऐंशीवर गेला आणि ऐंशीवर परत आला. पुन्हा लवलं, पुन्हा परत. बर्नडीन बघत उभी होती.

"झालं?"

"झालंसं वाटतंय."

"मग तोंड असं का?"

मार्लिसने खाडीवरच्या मोटेलमध्ये जाऊन दुरुस्ती सगळ्यांना पाठवायची तयारी केली. बोट बटणावर होतं. मग तिला त्या तेवीस सह्या आठवल्या, आणि तिने ती आधी एकट्या रूफसला पाठवली. रेघेखाली लिहिलं, "एकदा बघशील? मी दमलेय."

सकाळी सातला त्याचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"झोपलीस का रात्री?"

"झोपले. का?"

"करताना झोपली होतीस म्हणून विचारतो. दुसरी वाट बघ. तिथे वरचं फंक्शन आधीच नाव काढतं. तू परत काढतेस."

ती उठून बसली. त्याचं बरोबर होतं. एकच नाव दोनदा काढलं गेलं असतं, म्हणजे पडदा ज्या तुकड्यातून चित्र दाखवतोय तोच मोकळा समजून दुसऱ्या कोणाला दिला गेला असता. तुकडा अडकून राहणं हा हळूहळू भरणारा त्रास, हा तर कधी, कुठे फुटेल याचा नेम नाही. चित्रात दुसरंच काही मिसळलं असतं, नाहीतर अख्खं यंत्र कोसळलं असतं. आणि काल वाऱ्यात तपासताना हे दिसलं नाही, कारण वायर सैल असली की पहिलीच वाट लागते. दुसरी लागायला कॅमेराच पूर्ण मरावा लागला असता.

"दिसलं मला," ती म्हणाली.

"चार ओळी म्हटलं होतं मी. तू पाच लिहिल्यास तेव्हाच शंका आली." मग तो जरा खालच्या आवाजात म्हणाला, "एकटीने करायचं काम नाही हे, मार्लिस. कधीच नव्हतं. आपण सात होतो तेव्हासुद्धा चुका व्हायच्या."

"ये मग परत. महिन्यातून एक शनिवार."

"नाही."

"अर्धा."

"नाही म्हटलं ना. माझी झाडं आहेत, माझी पाठ आहे. ह्या दुरुस्तीखाली माझं नाव घाल, वाचली म्हणून. खरंच वाचलीये. पण परत विचारू नकोस."

तिने विचारलं नाही. पाचवी ओळ खोडली, रूफसचं नाव घातलं, आणि दुरुस्तीच्या वरच्या टिपेत जे घडलं ते जसंच्या तसं लिहिलं. चूक कोणत्या बदलात होती, तो लेखकाने अपुरा म्हणून सांगितला असतानाही न वाचता कोणी आत घेतला, कधी घेतला. नाव स्वतःचं. इतकं कोणी लिहीत नाही. पण कमी करायला गेली तर प्रत्येक वेळी ते खोटं वाटू लागलं. मग तिने ते पाठवून दिलं.

कचेरीत ती आली तेव्हा टोइव्हो शेगडीपाशी उभा होता. मार्लिसने सुधारलेला ड्रायव्हर यंत्रात पुन्हा चढवला आणि मग त्याला उभ्याउभ्याच सांगितलं. चूक सापडली, सुधारली. चार वर्षांपूर्वीची होती. काम अपुरं आहे असं लिहिलेलं होतं आणि तिने ते वाचलं नव्हतं.

"का नाही वाचलं?"

"त्या दिवशी आम्हा सगळ्यांच्या नोकऱ्या गेल्या. दोन तास होते. मला वाटलं, काम तरी टिकावं."

टोइव्होने दाढी खाजवली. बर्नडीन फोनवर बोलत होती, तिनेही बोलणं आखडतं घेतलं.

"किती जण करता हे तुम्ही?"

"मी."

"आणि?"

"मीच."

तो खिडकीकडे वळला. बाहेर नुसता धक्का दिसत होता, तोंडाशी फुटणाऱ्या लाटा पडद्यावर फुटत होत्या.

"कचेरीतून तोंड दिसत नाही," तो म्हणाला, तिच्याकडे न बघता. "पण धक्क्याच्या टोकाला चालत गेलं तर दिसतं. दोनशे पावलं. बत्तीस वर्षं मी जातोय. त्या दिवशी नाही गेलो. आदल्या रात्रीपासून झोप नव्हती, पाय उचलवत नव्हता. म्हटलं, पडदा आहे की. कोपऱ्यात वेळही लिहिलेली होती, दहा वीस. कोण बघतं?"

मार्लिसने पडद्याच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे पाहिलं.

"म्हणून तुम्हाला सोडलं असं समजू नका," टोइव्हो म्हणाला. "एडीच्या बायकोला तुम्ही सांगा. मी सांगितलं तर ती ऐकायची नाही."

"सांगते," मार्लिस म्हणाली.

ती गेली. एडीच्या बायकोचं नाव कॉर्लिस होतं, आणि तिने मार्लिसला आत घेतलं, पण बसा म्हटलं नाही. सगळं ऐकून घेतलं. तुकड्यांचं वगैरे तिला फारसं समजलं नसावं. न वाचता सही केली, एवढं नीट समजलं. "बरं," ती म्हणाली. "येऊन सांगितलंत." दुसऱ्या खोलीत टीव्ही चालू होता आणि एडीने तिथूनच ओरडून विचारलं, कोण आहे. "कोणी नाही," कॉर्लिस म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

परतीच्या वाटेवर मार्लिसला वाटलं होतं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. झोप मात्र खूप येत होती.

दुरुस्ती तीन आठवड्यांत सगळीकडे पोचली. तिसऱ्या आठवड्यात मार्लिसने आणखी एक बदल पाठवला, एका ओळीचा. कर्नलमध्ये एक यादी असते, त्यात प्रत्येक भाग कोण सांभाळतं आणि कितपत सांभाळतं ते लिहिलेलं असतं. तिच्या ड्रायव्हरपुढे अकरा वर्षं "देखभाल चालू" असं होतं. ते खोडून तिने "जमेल तशी" केलं. नाव मात्र तसंच राहू दिलं.

त्या एका ओळीवर जेवढ्या मेल आल्या तेवढ्या दुरुस्तीवर आल्या नव्हत्या. बहुतेक जण नाराज होते. टोलेडोच्या एका तिकीटयंत्रवाल्या कंपनीचा व्यवस्थापक, टेरेन्स व्हिटल नावाचा, फारच तापला होता. त्यांची चारशे यंत्रं या ड्रायव्हरवर चालत होती. हा बेजबाबदारपणा आहे, त्याने लिहिलं, मग आता हे बघणार कोण?

एरवी मार्लिसने माफी मागून दोन परिच्छेद लिहिले असते. या वेळी तिने दोन वाक्यं लिहिली. तुमच्याकडचं एक माणूस आठवड्यातून अर्धा दिवस द्या. मी शिकवीन.

अकरा दिवस उत्तर आलं नाही. येणार नाही असं तिने धरूनच चाललं होतं. त्या शनिवारी तिने संगणक उघडला नाही. मुद्दाम ठरवून नव्हे, ती दुपारी एकपर्यंत झोपली आणि नंतर अंगात त्राण नव्हतं. बहिणीचा फोन आला तर तिच्याशी अर्धा तास स्वयंपाकघरातल्या नळाविषयी बोलली.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत, ऑफिसच्या मागच्या बाकावर सँडविच खाताना, तिने मेल पाहिली. टोलेडोहून होती, पण व्हिटलची नव्हती.

"माझं नाव यानीना सोबचाक. मला गुरुवारच्या दुपारी दिल्या आहेत. खरं सांगायचं तर मी हे काम मागितलं नव्हतं आणि कर्नलमध्ये याआधी कधी काही लिहिलेलं नाही. तुमची दुरुस्ती वाचली, वरची टीप दोनदा वाचली. कुठून सुरुवात करू?"

मार्लिसने उत्तर लिहायला घेतलं. कुठल्या फायली आधी वाचायच्या, तुकडे कसे मोजले जातात, मागे फिरायच्या वाटा का तपासायच्या. लिहिता लिहिता ते फोनच्या काचेवर दोन पानं झालं. तिने वर जाऊन ते पहिल्यापासून वाचलं आणि सगळं पुसून टाकलं. समोरच्या माणसाला हे एका दमात कसं पेलणार? तिलाच पेलत नव्हतं.

"गुरुवारी दोनला फोन कर," तिने लिहिलं. "दोघी मिळून वाचू."

सुट्टी संपायला चार मिनिटं होती. तिने सँडविचचा उरलेला तुकडा सावकाश संपवला.